मूल इमर्शन शाळेत घालावं का? (अमेरिका, कॅनडा)

मिहिका
कॅलिफोर्नियात पुढच्या वर्षीच्या किंडरगार्टनचे अर्ज उघडायची वेळ आली, म्हणून हा धागा. (इमर्शन म्हणजे शाळेतले विषयच दुसऱ्या भाषेतून शिकवणं.) पाच वर्षांचं मूल. घरी मराठी, डे-केअरमुळे इंग्रजी चांगलं. पर्याय तीन: घराजवळची साधी सरकारी शाळा, स्पॅनिश इमर्शन (९०/१०) आणि मँडरिन इमर्शन (५०/५०). दोन्ही इमर्शन सरकारीच, प्रवेश लॉटरीने. माहितीसत्रात "मेंदूला फायदा" आणि "जागतिक नागरिक" एवढंच ऐकायला मिळतं. मला मेंदू नकोय, तपशील हवेत. कसं मूल असलं तर हे मानवतं, कसं असलं तर नाही? घरात ती भाषा कुणालाच येत नसेल तर गृहपाठाचं काय? मराठीचं काय होतं? मधेच सोडावं लागलं तर? "आमच्या बंड्याला जमलं, तुमच्यालाही जमेल" सोडून काहीही चालेल.

गवतीचहा
"मला मेंदू नकोय, तपशील हवेत." हे वाक्य फ्रेम करून भिंतीवर लावण्यात येत आहे.

केतकी_स
आधी त्या आकड्यांचं बघू, कारण ९०/१० आणि ५०/५० या दोन अगदी वेगळ्या शाळा आहेत.

९०/१० मध्ये किंडरगार्टनला शाळेचा ९० टक्के वेळ स्पॅनिश. दरवर्षी इंग्रजीचा वाटा थोडाथोडा वाढत चौथी-पाचवीला निम्मानिम्मा होतो. मूल वाचायला शिकतं ते स्पॅनिशमध्ये. इंग्रजी वाचन-लेखन रीतसर सुरू होतं दुसरी-तिसरीत. ५०/५० मध्ये पहिल्या दिवसापासून निम्मा वेळ इंग्रजी. बहुधा दोन शिक्षक आणि दोन वर्ग असतात, दुपारी मुलं वर्ग बदलतात. मँडरिनला ५०/५० जास्त दिसतं त्याला कारण आहे. स्पॅनिशमध्ये अक्षरं जोडून वाचायची सवय इंग्रजीला जशीच्या तशी कामी येते. चिनी अक्षरओळख तशी येत नाही, म्हणून इंग्रजी वाचन वेगळं आणि लवकर शिकवावंच लागतं.

९०/१० मध्ये दुसरीतलं इंग्रजी लेखन बघून पालकांची झोप उडते. 'हॅट' हा शब्द मूल 'जे' या अक्षराने सुरू करतं. स्पॅनिशमध्ये 'एच' मुका आणि 'ह'च्या जवळचा आवाज 'जे'चा, त्यामुळे मुलाचा तर्क बरोबरच असतो. तिसरीत राज्याची परीक्षा इंग्रजीत होते, तिथे गुण कमी दिसतात. ते पाचवी-सहावीपर्यंत भरून निघतात. हे सोसायची तयारी नसेल तर ९०/१० च्या वाटेला जाऊ नका. तिसरीत घाबरून मूल काढणं म्हणजे पेरून कापणीआधी रान सोडणं.

हे नुसतं आशावादी बोलणं नाही. पोर्टलंडच्या सरकारी शाळांत प्रवेश लॉटरीने होत असल्याने नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं सरळ ताडून बघता आली (रँड या संशोधनसंस्थेचा अभ्यास, २०१५). इमर्शनची मुलं इंग्रजी वाचनात पाचवीला सुमारे सात महिने आणि आठवीला नऊ महिने पुढे होती. गणित-विज्ञानात उल्लेखनीय फरक नव्हता, म्हणजे फायदा नाही तसा तोटाही नाही.

निषाद
केतकीताई, सरासरी सगळी ठीक. पण पोर्टलंडचे कार्यक्रम जुने, बसलेले. गेल्या वर्षी सुरू झालेल्या शाळेला ते सात महिने चिकटवू नका. नव्या कार्यक्रमात वरच्या वर्गांची पुस्तकंच जमलेली नसतात, शिक्षक रात्री बसून विज्ञानाचा धडा भाषांतरित करत असतात. अर्ज करायच्या आधी एकच गोष्ट विचारा: पहिली तुकडी पाचवी पास होऊन बाहेर पडली का?

सॉल्टलेकचा_सदू
युटाहमध्ये हे राज्याच्याच कायद्याने चालतं, २००८ पासून. बहुतेक शाळांत पहिलीपासून, ५०/५०, दोन शिक्षक. चिनी, स्पॅनिश, फ्रेंच, पोर्तुगीज वगैरे. भाषेची शिक्षिका मुलांसमोर इंग्रजी बोलतच नाही. मुलांना सुरुवातीचे काही महिने इंग्रजीत उत्तर द्यायची मुभा, पहिलीच्या मध्यापासून ती बंद.

लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे खालच्या वर्गांत गणित त्या भाषेत शिकवतात, वर गेल्यावर ते इंग्रजीकडे सरकतं. त्या सांध्यावर मूल अडखळतं. गणित येत असतं, पण 'न्यूमरेटर', 'रिमेंडर' हे शब्द कधी ऐकलेले नसतात. तिसरीच्या उन्हाळ्यात इंग्रजीतली शाब्दिक उदाहरणं रोज दोन-तीन करून घेतली की पुरतं. क्लास लावायची गरज नाही.

चिनीत अकरा म्हणजे सरळ 'दहा-एक'. या मुलांना मराठीत एकोणसाठ विचारू नये, घर सोडून जातील.

तात्या_टोरांटोकर
मंडळी, याचं मूळ आमच्याकडचं. १९६५, मॉन्ट्रियलजवळचं सेंट लँबर्ट. इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी शाळामंडळाच्या मागे लागून किंडरगार्टनचा एक वर्ग फ्रेंचमध्ये सुरू करवला, मॅकगिलच्या संशोधकांनी त्याचा पाठपुरावा केला. आज ऑन्टारियोत फ्रेंच इमर्शन म्हणवायचं तर आठवीअखेर फ्रेंचमधून किमान ३८०० तास शिकवलेलं असावं लागतं. साध्या 'कोअर फ्रेंच'ला, म्हणजे फ्रेंच हा नुसता एक विषय असेल तर, ६००. फरक बघा.

आता कडू बाजू. एक, समजतं खूप, बोलतात अडखळत. मुलं फ्रेंच ऐकतात शिक्षिकेकडून, आपापसात बोलतात इंग्रजी. त्यामुळे काही चुका पक्क्या बसतात. नामांची लिंगं गडबडतात, आणि आदरार्थी 'व्हू' वापरायची वेळच येत नसल्याने मुख्याध्यापकांनाही 'त्यू', म्हणजे 'अरे-तुरे'. दोन, जे मूल मागे पडतं त्याला हळूच इंग्रजी वर्गात पाठवतात. मग उरलेला वर्ग हुशार दिसतो आणि लोक म्हणतात इमर्शनने मुलं हुशार होतात! सरकारी खर्चाने चाललेली खासगी शाळा झाली ही. तीन, शिक्षकांचा तुटवडा. फ्रेंच येणारा बदली शिक्षक मिळाला नाही की तो आठवडा इंग्रजीत जातो.

आमच्याकडचं एक सुख म्हणजे उशिरा शिरायची दारं आहेत. अनेक मंडळांत चौथीत किंवा सहावी-सातवीतही इमर्शन घेता येतं. तुमच्याकडे पहिलीनंतर दार बंद.

शर्वरी
तात्या, "मागे पडतं त्याला काढतात" हे खरं, आणि ते बऱ्याचदा चुकीचं असतं. मी भाषा-वाचा क्षेत्रातली आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मिहिकाचा पहिला प्रश्नच तो आहे.

मूल उशिरा बोलायला लागलं, किंवा भाषिक अडचणीचं निदान झालंय, म्हणून इमर्शन वर्ज्य असं नाही. कॅनडातल्या अभ्यासांत अशी मुलं इमर्शनमध्ये साधारण तितकीच मागे राहिली जितकी तशीच मुलं इंग्रजी शाळेत राहतात. अडचण भाषांच्या संख्येमुळे होत नाही, ती मुलासोबत येते आणि सगळ्या भाषांत दिसते. म्हणून तपासणी मराठीतही मागा. शक्य असेल तिथे मुलाच्या मातृभाषेत मूल्यमापन करावं असं अमेरिकेतला केंद्राचा विशेष शिक्षणाचा कायदाच सांगतो. दुभाषा मिळवून देणं शाळेचं काम.

खरी गोची मदतीची असते. स्पीच थेरपिस्ट आणि वाचनतज्ज्ञ बहुधा इंग्रजीतच काम करतात. वर्गात मूल स्पॅनिश आवाज शिकतंय आणि बाहेर काढून कुणी इंग्रजी आवाज घोटून घेतंय, अशाने दोन्ही अर्धवट. शाळेला विचारा: "विशेष शिक्षणाची सेवा कोणत्या भाषेत देता?" उत्तर गुळमुळीत आलं आणि मुलाला आधीच निदान आहे, तर मात्र मी साधी शाळा सुचवेन.

डिस्लेक्सियाबाबत (अक्षरं वाचण्यातली अडचण) एक सापळा आहे. स्पॅनिशमध्ये लिहिलं तसंच वाचायचं असतं, त्यामुळे डिस्लेक्सिया असलेलं मूलही अचूक वाचतं, फक्त फार हळू. शिक्षिका 'चुका नाहीत' म्हणते आणि दोन वर्षं जातात. दुसरीच्या सुरुवातीला अचूकतेऐवजी वेग बघा. घराण्यात डिस्लेक्सिया असेल तर शाळेला आधीच सांगा. कॅलिफोर्नियात २०२५-२६ पासून किंडरगार्टन ते दुसरीपर्यंत वाचन-अडचणींची चाळणी सक्तीची झाली आहे, निकाल लेखी मागून घ्या.

स्वभावाचं म्हणाल तर लाजरं मूल वाईट उमेदवार नाही. पहिले काही महिने गप्प राहणं अपेक्षितच असतं, आणि वर्गातली बरीच मुलं त्याच नावेत असतात. त्रास होतो तो चूक सहन न होणाऱ्या मुलाला. सूचना कळली नाही की कागद फाडणारं, रडणारं. तरीही बहुतेकांचं डिसेंबरपर्यंत निवळतं. तोवर दुपारी शाळेतून आल्यावर चिडचिड, झोप, कधी कधी पुन्हा अंथरूण ओलं करणं, हे धरून चाला आणि त्या चार महिन्यांत पोहणं-पियानो काही सुरू करू नका. श्रवणतपासणी मात्र नक्की करून घ्या. कानात पाणी साचून थोडं कमी ऐकू येणारं मूल ओळखीच्या भाषेत निभावून नेतं, अनोळखी भाषेत नाही.

गवतीचहा
शर्वरी, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका.

पाटीवरची_अक्षरे
गृहपाठाबद्दल. स्पॅनिश असेल तर निम्मी चिंता सोडा. पाच स्वर, नियम ठरलेले, एका शनिवारी तुम्ही मोठ्याने वाचायला शिकाल. अर्थ कळला नाही तरी मुलाशेजारी बसून वाचता येतं. त, द, र हे आवाज मराठी जिभेला फुकट मिळतात.

मँडरिनलाही मराठी माणसाचा एक फायदा आहे जो इंग्रजीवाल्यांना नाही. पिनयिनमधला (चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत) 'बी' म्हणजे आपला प, आणि 'पी' म्हणजे श्वास सोडून म्हटलेला प, आपल्या जुन्या ओठबंद फ सारखा. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. 'झेड' म्हणजे 'चाक'मधला च. इंग्रजी कानाला हा अल्पप्राण-महाप्राण भेद बसायला वेळ लागतो, आपल्याला तो बाराखडीतच मिळालाय. सूर (चार टोन) मात्र शिकावेच लागतात आणि ते घरी आपण सुधारायला जाऊ नये, बिघडतात.

अक्षरांचा हिशेब: चीनच्या २०११ च्या अभ्यासक्रमात सहावीअखेर ३००० अक्षरं ओळखणं आणि २५०० लिहिणं अपेक्षित होतं. इथल्या अर्ध्या दिवसाच्या शाळेकडून ते अपेक्षू नका. घरी रोज १० ते १५ मिनिटं, चौकटीच्या वहीत, रेघांच्या क्रमासकट. रविवारी दीड तास बसवलं तर सोमवारी निम्मं विसरलेलं असतं. 'प्लेको' अॅपमध्ये बोटाने अक्षर काढलं की अर्थ, उच्चार आणि रेघांचा क्रम मिळतो, पालकांना तेवढं पुरे. शाळा सोपी लिपी शिकवते की पारंपरिक, तेही विचारून घ्या. तैवानी शिकवणी लावलीत (तिकडे पारंपरिक) आणि शाळेत सोपी असेल तर मुलाला दुहेरी काम.

अवलिया
एवढा खल कशाला? महाराष्ट्रात घरी मराठी आणि पहिलीपासून इंग्रजी माध्यम, म्हणजे आपण सगळे इमर्शनचेच की!

केतकी_स
नाही. इमर्शनमध्ये शिक्षिकेला मुलाची भाषा कळते, वर्गातली बरीच मुलं सारखीच नवखी असतात, आणि मुलाची पहिली भाषाही वाचन-लेखनासकट शाळेत वाढत राहते. आपल्याकडच्या इंग्रजी माध्यमात मराठीला आठवड्याचे काही तास आणि वर काही शाळांत आवारात मराठी बोलल्याबद्दल दंड. ते बुडवणं. सेमी-इंग्रजी त्यातल्या त्यात जवळचं, तेही गणित-विज्ञानापुरतं.

वेंगुर्ल्याचा_वारा
गोव्यात तर याच्यावरून सरकारं हलली. १९९० मध्ये प्राथमिकला अनुदान फक्त कोकणी-मराठी माध्यमाला, मग २०११ ला इंग्रजी शाळांनाही, आणि त्यावरून...

निषाद
आणि त्यानंतर कुणीतरी पहिलीपासूनच्या हिंदीवर येणार. त्यासाठी वेगळा धागा धगधगतोय, तिकडे शेकोटीला जा. इथे मिहिकाची अर्जाची तारीख निघून जाईल.

रानजाई
अर्जाचं निघालंच आहे तर 'होम लँग्वेज सर्व्हे'बद्दल. कॅलिफोर्नियात नोंदणीवेळी चार प्रश्न असतात: मूल आधी कोणती भाषा शिकलं, घरी कोणती बोलतं, तुम्ही त्याच्याशी कोणती बोलता, घरातले इतर मोठे कोणती बोलतात. पहिल्या तीनपैकी कुठेही 'मराठी' आलं की मुलाची 'एल्पॅक' ही इंग्रजीची चाचणी होते.

अवलिया
मग 'इंग्रजी' लिहून मोकळं व्हायचं.

रानजाई
खोटं कशाला लिहायचं? इंग्रजी चांगलं असेल तर त्या पहिल्याच चाचणीत 'इनिशियली फ्लुएंट' शेरा मिळून विषय संपतो. नाही मिळाला तर मूल 'इंग्लिश लर्नर' ठरतं, रोज इंग्रजीचा वेगळा वेळ मिळतो आणि दरवर्षी चाचणी होते. बाहेर पडायला एल्पॅकमध्ये एकूण चौथी पातळी, शिक्षकांचं मत, पालकांशी चर्चा आणि मूलभूत कौशल्यांचे गुण लागतात. ९०/१० मध्ये इंग्रजी उशिरा वाढत असल्याने हा शिक्का चौथी-पाचवीपर्यंत राहू शकतो. घाबरायचं कारण नाही, पण माध्यमिक शाळेच्या आधी निघालेला बरा, नाहीतर तिथे आवडीच्या विषयाचा तास त्यात जाऊ शकतो.

लॉटरीत आणखी एक गोम आहे. टू-वे स्पॅनिश कार्यक्रमात (दोन्ही भाषांच्या घरांतली मुलं एका वर्गात) एक तृतीयांश ते निम्म्या जागा स्पॅनिश बोलणाऱ्या घरांना असतात, तोंडी चाचणी घेऊन. मराठी मूल बहुधा इंग्रजीच्या रांगेत मोजलं जातं, जिथे गर्दी जास्त. त्यात भावंडांना प्राधान्य. उरलेल्या जागा किती, हा आकडा कार्यालयात मागा, सांगतात.

तात्या_टोरांटोकर
त्या स्पॅनिश घरांचं कुणी बोलत नाही. हे कार्यक्रम त्यांच्या मुलांना आधार म्हणून आले. आपण सुशिक्षित पालक मीटिंगा, निधी, वेळापत्रक सगळं आपल्या सोयीने वळवतो आणि वर्गात स्पॅनिश मुलांचाच वेग आवरला जातो. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक ग्वादालुपे वाल्देस यांनी १९९७ मध्येच हा इशारा दिला होता.

रानजाई
तात्या, मम.

मिहिका
सगळ्यांचे आभार, बरंच कळलं. शर्वरींच्या निकषांवर मुलाबाबत अडचण दिसत नाही. आता दोन गोष्टी उरल्या: मराठी, आणि मधेच सोडणं. व्हिसाचं कधी काय होईल सांगता येत नाही, भारतात परतायची शक्यता खरी आहे.

सॉल्टलेकचा_सदू
सोडायचं असेल तर पहिली संपेपर्यंत काही बिघडत नाही. ९०/१० मधून सगळ्यात वाईट वेळ म्हणजे दुसरीचं मधलं सत्र. साध्या शाळेतली मुलं तोवर इंग्रजी गोष्टी धडाधड वाचतात, तुमच्याने इंग्रजी वाचन नुकतं सुरू केलेलं असतं. काढायचंच झालं तर आधीच्या उन्हाळ्यात इंग्रजी फोनिक्स (अक्षर आणि आवाज जोडणं) क्रमाने करून घ्या, स्वरांवर भर देऊन. व्यंजनं चालतात, पण पाच स्वरांची सवय 'शिप' आणि 'शीप'ला ठेच लावते. अनेक जिल्ह्यांत इमर्शन सोडलं की घराजवळच्या शाळेत जागा मिळेलच असं नसतं, भरली असेल तर दूरच्या शाळेत पाठवतात. ही अट करारात असते, सही करण्याआधी वाचा.

भारतात परतायची शक्यता निम्म्याहून जास्त वाटत असेल तर ९०/१० नको. तिसरीत तिकडे गेलेल्या मुलावर इंग्रजी स्पेलिंग, हिंदी आणि देवनागरी एकदम कोसळतं आणि स्पॅनिश वर्षभरात पातळ होतं. ५०/५० त्या मानाने सुरक्षित.

शर्वरी
मराठीला धोका स्पॅनिशचा किंवा मँडरिनचा नाही, इंग्रजीचाच आहे, आणि तो साध्या शाळेतही तेवढाच. इमर्शनमध्ये भर पडते ती थकव्याची. थकलेलं मूल सगळ्यात सोप्या भाषेत बोलतं. म्हणून पहिल्या वर्षी मराठी वाचन-लेखन मागे ठेवा, बोलणं मात्र अजिबात मागे ठेवू नका. जेवताना मराठी, झोपताना मराठी गोष्ट, आजीआजोबांशी व्हिडिओवर मराठी. देवनागरी सातव्या वर्षी सुरू केली तरी पुरते.

पाटीवरची_अक्षरे
इथे असहमत. देवनागरी पाचव्या वर्षीच सुरू करावी. ती उच्चारानुसारी आहे, स्पॅनिशशी भांडत नाही. सातव्या वर्षी मुलाला इंग्रजी पुस्तकांची चटक लागलेली असते, मग 'कमळ, बदक' वाचायला कोण बसतंय? बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेतच, अभ्यासक्रम ठरलेला आहे, भारती विद्यापीठाची परीक्षाही होते.

शर्वरी
५०/५० मँडरिनसोबत? चिनी अक्षरं, इंग्रजी वाचन आणि देवनागरी एकाच वर्षी? स्पॅनिशसोबत एक वेळ मानते. मँडरिनसोबत नाही.

निषाद
मिहिका, शाळा बघायला जाल तेव्हा किंडरगार्टनमध्ये गाणी ऐकत बसू नका, चौथीच्या वर्गात वीस मिनिटं बसा. शिक्षिकेची पाठ वळल्यावर मुलं कोणत्या भाषेत बोलतात ते ऐका. इंग्रजीत बोलणारच, पण शिक्षिकेला लांब वाक्यात उत्तर देतात की एकेका शब्दात, ते महत्त्वाचं. मग पट मोजा. किंडरगार्टनला ७२ आणि पाचवीला ४० असतील तर मधली ३२ कुठे गेली, आणि त्यामुळे चौथी-पाचवी एकत्र बसवतात का, हे विचारा. माध्यमिक शाळेत किमान दोन विषय त्या भाषेत चालू राहतात का? पाचवीनंतर काहीच नसेल तर बोलणं टिकवायचं काम पुढे तुमच्यावर.

मिहिका
मँडरिन शाळेत पाचवीचा पट किंडरगार्टनच्या जवळजवळ बरोबरीने आहे, आणि माध्यमिक शाळेत दोन विषय आहेत. स्पॅनिशची पहिली तुकडी अजून तिसरीतच आहे. मग मँडरिन पहिल्या क्रमांकावर, जवळची शाळा दुसऱ्या?

रानजाई
तसंच भरा. नंबर लागला नाही तर प्रतीक्षायादीवरून नाव काढू नका. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या दीड-दोन आठवड्यांत न आलेल्या मुलांच्या जागा रिकाम्या होतात आणि यादी भराभर हलते. फोन आला की उत्तर द्यायला एखादाच दिवस मिळतो, तेव्हा तो अनोळखी नंबर उचला.